धाकटीची होडी

मी शेजारी बसले की माणूस सरळ गाडी चालवतो. ही फुशारकी नव्हे, माझा धंदाच आहे तो. या शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी मी शिकवलीय. उरलेले निम्मे कसे चालवतात ते रस्त्यावर दिसतंच. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शिकणारा घाबरला, चुकला किंवा त्याला उगाच आत्मविश्वास आला, की मी तो दाबते. तोंडावर सगळे मला मॅडम म्हणतात आणि पाठीमागे हँडब्रेक. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की धाकटीच्या बाबतीतही मी तेच करायला निघाले होते आणि त्यात मला काडीचंही वावगं वाटत नव्हतं.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे, तिथे ती काम करते. लांबलचक टेबल, त्यावर मान वाकवलेला दिवा, समोर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले. त्यांच्यात मेणाच्या आधाराने ती एकेक दात बसवत असते. हात असा स्थिर की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. बोलणं मात्र बेताचं. देवाने दोघींना मिळून एकच जीभ दिली आणि ती थोरलीने आधी उचलली, असं आई म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी धाकटीचे यजमान गेले. सकाळी चहा पिताना छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मूलबाळ नाही. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, अंगाला भिंत घासावी इतका अरुंद जिना, आणि त्या घरात ही एकटी. पहिलं वर्ष मी काही बोलले नाही. माणसाला दुःख करायलाही सवड लागते, एवढं मला कळतं. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की रविवारी ही फोन उचलत नाही. सकाळी नाही, दुपारीही नाही. संध्याकाळी उचलला तर म्हणायची, फोन जवळ नव्हता गं.

दोन खोल्यांच्या घरात फोन जवळ नसायला घर काय राजवाडा आहे? मी काय समजायचं ते समजले. सुट्टीचा दिवस, पडदे ओढलेले, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली असणार. शितावरून भाताची परीक्षा मला चटकन करता येते. म्हणून तर शिकणारा किल्ली कशी फिरवतो यावरून तो परीक्षेत पास होणार की नाही हे मी सांगते.

मग मी कामाला लागले. आमची मागची खोली म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचं अडगळीचं कोठार होतं. प्लास्टिकचे नारिंगी शंकू, जुने टायर, शिकाऊ चालकाच्या पाट्या, सगळं बाहेर काढलं. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. खिडकीशी टेबल ठेवलं, त्यावर तिला लागतो तसा वाकवता येणारा दिवा. रंग आमच्या ह्यांनी दिला. आमचे हे आता निवृत्त आहेत, त्यामुळे माझ्या हाताखाली पूर्णवेळ असतात. पिवळा जरा जास्तच पिवळा झालाय, एवढीच त्यांची तक्रार होती. पडदे लागले की बरा दिसेल, असं मी सांगितलं आणि पडदेही लावले.

धाकटीच्या घराला गिऱ्हाईकसुद्धा मीच शोधलं. फार लांब जावं लागलं नाही, तिच्याच वरच्या मजल्यावरचं कुटुंब वाढलं होतं आणि त्यांना खालचं घर जोडून हवं होतं. माणसं चांगली होती. सगळं इतकं जुळून आलं होतं की आता फक्त धाकटीने मान हलवायची राहिली होती, आणि ती तर तिला जन्मापासून येते.

तिने मान हलवलीही. अगदी पूर्ण नाही, पाऊण. वरच्यांना तिने कळवलं की रविवारी संध्याकाळी उत्तर देते. आणि मला म्हणाली की हो म्हणण्याआधी एक रविवार तू माझ्याबरोबर तळ्यावर चल.

शहराबाहेर एक मोठं राखीव तळं आहे. पाणपक्षी, कासवं आणि नशीब असेल तर पाणमांजरं. लोक सुट्टीला तिथे जातात, सायकली फिरवतात, होड्या भाड्याने घेतात, झाडाखाली डबे उघडतात. मी कधी गेले नव्हते. रविवार म्हणजे आमच्या शाळेचा भर हंगाम, त्यात पक्षी बघायला कुणाला वेळ आहे? पण मी विचार केला, बरं झालं, हिला निदान बाहेर पडावंसं तरी वाटलं. मोकळ्या हवेत मन मोकळं होईल, येताना परस्पर वरच्यांकडे जाऊन शब्द देऊन टाकू. मी सगळे धडे रद्द केले. सँडविच केली, थर्मासात चहा भरला, ह्यांच्या गळ्यात दुर्बीण अडकवली आणि सकाळीच निघालो.

गाडी अर्थातच मी चालवली.

तळ्याच्या फाटकाशी उतरलो तेव्हा ऊन नुकतंच कोवळ्याचं कडक व्हायला लागलं होतं. लाकडी फळ्यांची वाट झाडांतून पाण्यापर्यंत जात होती. ह्यांना पाण्याची भीती, त्यामुळे त्यांनी आल्याआल्याच काठावरची पक्षी बघायची लाकडी खोली गाठली. तिथे आडव्या फटीतून तळं दिसतं आणि बसायला बाक असतो. बाक बघूनच मी ओळखलं की हे दुर्बीण छातीवर ठेवून झोपणार. झालंही तसंच, पण ते नंतर.

आम्ही दोघी होड्यांच्या धक्क्याकडे गेलो. तिथे एक बाई खुर्चीवर बसून जीवरक्षक जाकिटांच्या बकली तपासत होती. तिने मान वर करून धाकटीकडे पाहिलं आणि काही न विचारता खुंटीवरचं एक जाकीट काढून तिच्या हातात दिलं. मला मात्र आपादमस्तक न्याहाळून तीन जाकिटं घालून बघायला लावली.

"आज पाहुणी आणलीत?" तिने धाकटीला विचारलं. "तुमची हिरवी तयार आहे बघा. आतलं पाणी काढून ठेवलंय."

धाकटी नुसती हसली. मी त्या बाईला म्हटलं की तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. बाई म्हणाली, गैरसमज कसला, या दर रविवारी येतात, पाऊस असला तरच चुकवतात.

कुणी तोंडात मारावी तसं झालं मला. मी धाकटीकडे पाहिलं. ती जाकिटाचा पट्टा आवळत होती, खाली मान घालून, जणू त्या पट्ट्यातच सगळं जग अडकलंय. म्हणजे पडदे ओढून पडणं वगैरे काही नव्हतंच. ही बया दर रविवारी मजेत पाण्यावर फिरत होती आणि मी इकडे तिच्या काळजीने भिंती रंगवत होते. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. सांगितलं असतं तर तू आली असतीस, असं ती म्हणाली. त्यात चिडण्यासारखं काय होतं ते मला लगेच कळलं नाही, पण चिडले मात्र लगेच.

धक्क्यावर एक मोठा फलक होता. आरडाओरडा करू नये, पक्ष्यांना खाऊ घालू नये, वगैरे. तळ्याच्या एका अंगाला दोरीला बांधलेले लाल बोये तरंगत होते. त्यांच्या पलीकडे पक्ष्यांची वीण चालू असल्याने होडी नेऊ नये. चुकून गेलीच तर वल्ही आपटू नयेत, बोलू नये, आल्या वाटेने हळूच बाहेर पडावं. मी फलक दोनदा वाचला. सूचना वाचणारी माणसं मला आवडतात, म्हणून मी स्वतःही वाचते.

होडी म्हणजे दोघींपुरती. मधल्या फळीवर धाकटी बसली, दोन्ही हातांत दोन वल्ही. मागच्या फळीवर मी, तिच्याकडे तोंड करून, गुडघ्याला गुडघा. वल्ही मारणाऱ्याची पाठ पुढे असते. म्हणजे होडी जिकडे जाते तिकडे त्याचं तोंड नसतं. ही रीत ज्याने काढली त्याला मी पहिल्याच धड्यात नापास केलं असतं. पुढचं सगळं मला दिसत होतं आणि होडी मात्र तिच्या हातात होती. पायाखाली नुसतं लाकूड.

पण धाकटी वल्ही सुरेख मारत होती. हे मान्य केलंच पाहिजे. पाण्याचा आवाजसुद्धा होत नव्हता. खांदे मागे, वल्हं वर, थेंब ओघळायची वाट बघायची, मग पुन्हा आत. घरात खुर्ची सरकवतानाही बिचकणारी ही बाई इथे अशी बसली होती जणू तळं तिच्या नावावर आहे. गालांवर रंग आला होता. बुंध्याएवढ्या ओंडक्यावर कासवं एकावर एक चढून ऊन खात होती. एक राखी बगळा उथळ पाण्यात एका पायावर उभा होता. तिने तो मला मानेनेच दाखवला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं माझ्या मनात आलं, आणि तेवढ्यात मला अभिमानही वाटला. दोन्ही एकदमच वाटलं.

मी गप्प बसायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण पुढे उजव्या अंगाला लाल बोये दिसायला लागले आणि होडी त्यांच्याकडे झुकतेय असं मला वाटलं. मी म्हटलं, डावीकडे घे.

तिने घेतली. होडी बोयांच्या आणखी जवळ गेली.

डावीकडे, मी पुन्हा म्हटलं, जरा ठासून. तिने जरा ठासून वळवली. बोया आता इतका जवळ आला की त्यावरचं शेवाळ दिसायला लागलं. मला शिकणाऱ्यांची ही खोड माहीत आहे. घाबरले की ऐकलेलं त्यांच्या हातापर्यंत पोचत नाही. अशा वेळी तीच सूचना मोठ्याने द्यायची असते. मी मोठ्याने दिली. माझा पाय होडीच्या तळाला असा काही दाबून बसला होता की फळीच निघून यावी. धाकटीने होतं नव्हतं ते बळ लावून होडी वळवली, टोक दोरीवरून सुळकन सरकलं, आणि आम्ही पलीकडच्या पाणकणसांच्या दाट गवतात घुसून थांबलो.

मी तोंड उघडलं. धाकटीने ओठांवर बोट ठेवलं. फलक आठवला आणि मी मूग गिळून बसले.

आणि मग मला ते दिसलं. होडीच्या टोकापासून हातभर अंतरावर ओल्या गवताचा एक ढीग पाण्यावर तरंगत होता आणि त्यावर एक टिबुकली बसली होती. बदकाहून पुष्कळ लहान, तपकिरी, सारखी बुड्या मारणारी असते ती. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं. उडाली नाही, ओरडलीही नाही. चोचीने भराभरा आजूबाजूचं गवत ओढलं, खालची पांढुरकी अंडी झाकली, आणि आवाज न करता पाण्यात शिरली. मागे उरला तो कचरा. मी पाहिलं नसतं तर तो ढीग मी स्वतः वल्ह्याने बाजूला लोटला असता.

धाकटीची त्याकडे पाठ होती. तिला यातलं काही दिसलं नव्हतं. मी कुजबुजत सांगितलं की तुझ्या मागे घरटं आहे, अंडी आहेत, हळूच उजवीकडे ढकल.

तिने वल्हं उचललं आणि थांबली. "कुणाच्या उजवीकडे?"

आता सांगते ते वाचून हसायचं असेल तर हसा. गाडीत मी आणि शिकणारा एकाच दिशेला तोंड करून बसतो. त्याचं डावं तेच माझं डावं. सगळ्या आयुष्यात मी ज्यांना डावीकडे म्हटलं ते माझ्याच डावीकडे वळले. इथे आम्ही समोरासमोर बसलो होतो. मी माझं डावं सांगत होते आणि ती बिचारी तिच्या डाव्याला वळत होती, आणि मी जितकी ओरडले तितकी ती इमानदारीने चुकत गेली. एवढी साधी गोष्ट, लहान पोरालाही आरशात कळते, ती मला कळली नव्हती.

पण चूक कबूल करण्याआधी मला एक बाजू मांडायची होती. मी कुजबुजतच म्हटलं की होडी तुला येते, मला नाही. दर रविवारी येतेस. बोये कुठे आहेत ते तुला पाठ असणार. मग माझं ऐकलंस कशाला?

धाकटीने वल्हं मांडीवर ठेवलं. "एकटी असते तेव्हा मी सारखी मान वळवून बघते," ती म्हणाली. "आज एकदाही बघितलं नाही. तू होतीस ना समोर."

फळीवर दाबून धरलेला पाय मी सैल सोडला.

"तू असलीस की मी बघतच नाही, ताई. पहिल्यापासून."

तिच्या आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. ही कवळी इथे टोचतेय, जरा घासावी लागेल, असं ती डॉक्टरांना ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात तिने ते सांगितलं. म्हणूनच ते फार लागलं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. पण गवतापलीकडे ती टिबुकली पाण्याबाहेर डोकं काढून आमच्याकडे बघत होती आणि इकडे अंडी गार होत होती. भांडणाची ती जागा नव्हती.

"तू मला फक्त काय दिसतंय ते सांग," धाकटी म्हणाली. "कुठे वळायचं ते मी ठरवते."

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. माझ्या तोंडात प्रत्येक वेळी हुकूमच येत होता, इकडे घे, तिकडे घे, आणि तो गिळून मला नुसतं जे आहे ते सांगायचं होतं. डावं-उजवं तर मी बंदच केलं. तिच्या एका हातात घड्याळ होतं आणि दुसऱ्यात अंगठी. मी सांगितलं की घड्याळाच्या बाजूला घरटं, टोकापासून हातभर. अंगठीच्या बाजूला नुसतं गवत, विरळ आहे. दोरी होडीच्या पोटाखाली आलीय, ताणलेली नाही. एवढं सांगून मी तोंड मिटलं. तिने थोडा विचार केला, अंगठीच्या हातातलं वल्हं चिखलात रोवलं आणि अंगाचा भार त्यावर टाकला. होडी केसाएवढी मागे सरली. टोक घरट्याकडे जातंय का, तिने विचारलं. मी म्हटलं, लांब जातंय. तिने आणखी भार दिला. दोरी पोटाखालून घसरली, पाणकणसं एकेक करून सरळ झाली, आणि आम्ही बोयांच्या अलीकडे मोकळ्या पाण्यात आलो.

तिथून थोडं लांब जाऊन आम्ही थांबलो. टिबुकलीने बुडी मारली ती थेट घरट्यापाशी वर आली. ढिगावर चढली, चोचीने झाकण बाजूला केलं आणि काही झालंच नाही अशी बसली. धाकटी आता मान पूर्ण वळवून बघत होती. आम्ही दोघींनी एकदमच श्वास सोडला. मी थर्मास उघडला, चहा झाकणात ओतून तिला दिला.

मला गोष्टी लोंबकळत ठेवता येत नाहीत. मी सरळ विचारलं की म्हणजे घर विकणार नाहीस तर.

"नाही."

आधीच ठरलं होतं का, हे मी विचारलं. तसं असेल तर मला इथवर आणून हसं करायची काय गरज होती? ती म्हणाली, नाही, सकाळी निघताना हो म्हणायचं ठरलं होतं. तुझ्याकडे आल्यावर रविवार तेवढे माझे राहू दे, एवढंच सांगायला तुला आणलं होतं. होडी बघितलीस तर तुला पटेल असं वाटलं. मग ती बोयांकडे बघत म्हणाली की नाही म्हणायचं ते आत्ता ठरलं.

मनात त्या पिवळ्या भिंती, तो दिवा, ते पडदे. राग येत होता, आणि त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, ते मला नीट दिसत होतं आणि बघायचं नव्हतं. एक पाणकावळा ओंडक्यावर पंख पसरून वाळवत बसला होता. धाकटीने वल्ही हातात घेतली पण चालवली नाहीत. ती माझी वाट बघत होती. एवढ्या वर्षांत माझी वाट बघत बसायची वेळ मी तिच्यावर कधी येऊच दिली नव्हती, हे मला तिथे कळलं.

शेवटी मी म्हटलं, "पुढे काय दिसतंय ते सांगू?"

"सांग."

"तीन मजले आहेत आणि तुझे गुडघे आहेत. एखाद्या थंडीत ताप येईल आणि रात्री पाणी द्यायला कुणी नसेल. डोळे कधीतरी दगा देतील, मग दात बसवता येणार नाहीत."

"ते दिसतंय मला," ती शांतपणे म्हणाली. "अजून?"

अजून काय ते मला ठाऊक होतं. सांगायची इच्छा नव्हती. पण जे दिसतं ते सांगायचं असं ठरलं होतं आणि मी ठरलेलं पाळते.

"रविवारी तू फोन उचलत नाहीस तेव्हा मी दुपारी जेवत नाही," मी म्हटलं. "तुझे यजमान गेले तसं तुझंही काही झालं असेल आणि मला कुणी सांगितलं नसेल, असं वाटत राहतं. आपल्या घरातलं आता तूच एक राहिलीयस. ती खोली मी तुझ्यासाठी नाही रंगवली. माझ्यासाठी रंगवली."

धाकटीच्या हातातली वल्ही पाण्यावर तशीच आडवी राहिली. ती माझ्याकडे बघत होती, मान न वळवता, सरळ. तिचे डोळे भरून आले होते आणि माझे तर केव्हाच.

"हे मला दिसत नव्हतं," ती म्हणाली.

मग ती पुढे सरकली आणि तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला. होडी त्यामुळे बरीच डचमळली आणि मी तिला सांगणार होते की अशा वेळी जागेवरून उठायचं नसतं, पण नाही सांगितलं. रविवारी निघताना आणि परत आल्यावर मी फोन करत जाईन, असं ती म्हणाली. तापाबद्दल म्हणाली की ताप आला की मी त्या खोलीत येऊन पडेन, आणि बरी झाले की परत जाईन, तेव्हा तू अडवायचं नाही. मी म्हटलं, अडवेन. ती म्हणाली, अडव, पण मी जाईन. सौदा मला मुळीच पसंत नव्हता, तरी मी मान हलवली.

परत येताना मी काय दिसतंय ते सांगत होते. पुढे बदकांची रांग आहे. एक लाल होडी येतेय, त्यातल्या माणसाला काही येत नाही. धक्का जवळ येतोय. ती ऐकत होती, आणि तरीही थोड्या थोड्या वेळाने मान वळवून स्वतः बघत होती. मी सांगितलेलं बरोबर आहे की नाही ते बघत होती म्हणा ना. मला त्याचा राग आला नाही असं लिहिणार होते, पण थोडा आलाच.

धक्क्याला होडी तिने अशी लावली की लाकडाला लाकूड लागल्याचं कळलंही नाही. हे तिथे येऊन उभे होते, केस विस्कटलेले, एका गालावर बाकाच्या फळीचा वळ. किती पक्षी पाहिले ते मी विचारलं नाही. त्यांनी मला हात देऊन वर घेतलं आणि नेहमीसारखं मलाच विचारलं की मग, काय ठरलं, वरच्यांना काय सांगायचं?

"मला नका विचारू," मी म्हटलं. "घर तिचं आहे, ती सांगेल."

आणि धाकटीने सांगितलं. धक्क्यावर उभं राहून, जाकिटाचा पट्टा सोडत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश, तिच्या पद्धतीने, मधली टिबुकली आणि माझं डावं-उजवं यांसकट. हे ऐकत होते आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होते, हिला बरं वाटत नाहीये की काय अशा चेहऱ्याने. कारण ती बोलत होती तेवढा वेळ मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. दोनदा तोंड उघडलं होतं, पण ते धरायचं नाही.